काढलेली दृष्ट

चट्ट.

दुपारच्या निवांत घरात तेवढाच एक आवाज झाला. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी फुटल्याचा. भांडी घासून झाली होती, गोठ्यातल्या म्हशी खाली बसल्या होत्या, रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टरही बराच वेळ गेला नव्हता, आणि माजघरातल्या कॉटवर राजेश्वरी पालथी पडून फरशीकडं बघत होती. बघत होती म्हणायचं आपलं.

"ऊठ गं पोरी, लिंबू घे," आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, जयवंताबाई. आणि लिंबू म्हणजे गोळी. लालसर, चिंचोक्याएवढी, दाबली तर मऊ लागणारी. पाकिटावर तिचं नाव एवढं लांबलचक होतं की राजेश्वरीच्या नवऱ्यानं, ऋषिराजनं, ते एकदा वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. तेव्हापासून पणदऱ्यातल्या त्या घरात ती गोळी लिंबूच झाली.

राजेश्वरी हळूच उठून बसली, मान मात्र खालीच. सायीच्या दुधाबरोबर गोळी गिळली. नुसत्या पाण्यानं घ्यायची नाही, पोटात थोडं स्निग्ध असलं की ती अंगी लागते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आत्याबाईंनी त्याचा अर्थ एवढाच घेतला होता, की दुधावरची सगळी साय आता सुनेची.

"बघा की," आत्याबाई रिकामा पेला घेत म्हणाल्या, "पोरगी सहा वर्साची झाली, आन् आता आई पालथी पडाया लागली. रांगायला कधी लागायची? पेढं सांगून ठेवू का?"

"आत्याबाई, हसवू नका. डोळा दुखतो."

"हसल्यानं न्हाय दुखत. पड."

ती पुन्हा पालथी झाली. कॉटच्या अगदी कडेला, कपाळाखाली मोटारसायकलची जुनी ट्यूब होती, अर्धी हवा भरून, वर मऊ लुगडं गुंडाळून. ही ऋषिराजची करामत. तिचा श्वास मोकळा राहावा आणि नाक दबू नये म्हणून त्यानं ती केली होती, आणि आल्यागेल्याला तो ती ट्यूब असा दाखवायचा की जणू ऑपरेशन त्यानंच केलंय.

राजेश्वरीचा डावा डोळा लहानपणापासूनच आळशी. शाळेत तपासायला आलेल्या डॉक्टरांनी हाच शब्द वापरला होता, आणि माहेरच्या, पळसदेवच्या पोरींनी तो वर्षभर पुरवला होता. त्या डोळ्याला उजेड कळायचा, रंगांचे गोळे दिसायचे, बस. दोघांचं काम उजवा एकटाच करत आला. भाकरी त्यानं थापली, कॉलेजची पुस्तकं त्यानं वाचली, श्रेया जन्मली तेव्हा तिच्या कपाळावरची बारीक लव त्यानंच पाहिली.

दसऱ्याच्या आधी त्या डोळ्यापुढं जळमटं यायला लागली. राजेश्वरीला वाटलं, स्वयंपाकघराच्या आढ्यालाच लागलीत. काठीला झाडू बांधून ती रोज झाडायची. जळमट हलायचं, इकडून तिकडं जायचं, निघायचं मात्र नाही. आत्याबाई म्हणायच्या, "आगं किती झाडशील? दसरा हाय, पत्रा काढून टाकती काय?" मग एका सकाळी ती श्रेयाच्या वेण्या घालत होती. रिबिनीचं फूल करून तिनं आरशात पाहिलं. दोन वेण्या दिसल्या, दोन रिबिनी दिसल्या, आणि मधे, जिथं चेहरा असायला हवा, तिथं काळी सावली.

बारामतीच्या दवाखान्यात कळलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ऑपरेशन करून तो चिकटवला, आणि चिकटलेला राहावा म्हणून आत हवेसारखा एक बुडबुडा सोडला. बुडबुडा वर जाणार. म्हणून डोळाच उलटा ठेवायचा, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरेल. म्हणून हे पालथं पडणं.

घरी पाठवायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी औषधं समजावून सांगितली. थेंब कुठले, कधी. मग ती लाल गोळी हातात घेऊन त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "मावशी, घरचा ऊस आहे ना? रस काढून तसाच ठेवला तर काय होतं?"

"काळा पडतो," आत्याबाई लगेच म्हणाल्या. हा प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमातला होता.

"मग रसवंतीवाला काय करतो?"

"लिंबू पिळतो."

"झालं तर. हवा लागून रस काळा पडतो तसंच काहीसं डोळ्याच्या पेशींचंही होतं. ऑपरेशन झालं, सूज आली, की जास्तच. ही गोळी म्हणजे लिंबू. तशी सत्त्वं आहेत हिच्यात."

आत्याबाईंचा चेहरा केवढा उजळला, ते राजेश्वरीला दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं. "आसं इस्कटून सांगितलं की बरं आसतं बगा," म्हणत त्या पदर खोचून औषधांच्या दुकानाकडं निघाल्यासुद्धा. ऋषिराज गाडी काढायला गेलेला. खोलीत त्या दोघीच उरल्या तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "राजेश्वरी, एक लक्षात ठेव. काळा पडलेला रस लिंबू पिळून पुन्हा पांढरा होत नाही. जो अजून चांगला आहे, तो जपायला ही गोळी."

हे दुसरं वाक्य एकट्या राजेश्वरीनं ऐकलं. आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. पहिल्या वाक्यावर घर उभं होतं. ते हलवायचं कशाला?

श्रेयाला पळसदेवला पाठवायचं ठरलं ते दिवाळीच्या सुट्टीचं निमित्त करून. खरं कारण वेगळं होतं. दवाखान्यातून आल्या आल्या तिनं धावत येऊन आईच्या पाठीवर उडी मारली होती. घोडा घोडा. ऋषिराजनं तिला वरच्या वर उचललं म्हणून बरं. मग ती कॉटच्या खाली शिरली, फरशीवर उताणी झोपली आणि खालून आईच्या तोंडाकडं बघत बसली.

"आई, तू मला बघतेस ना?"

"हो गं."

"मग तुझ्या डोळ्यातलं पाणी माझ्यावर का पडतंय?"

"औषधाचं आहे ते."

दुसऱ्या दिवशी ऋषिराज तिला गाडीवर पुढं बसवून भिगवणमार्गे पळसदेवला सोडून आला. राजेश्वरीची आई, कौसल्याबाई, म्हणजे श्रेयाची नानी, भिगवणच्या फाट्यापर्यंत सामोरी आली होती. पोर जाताना रडली नाही. नानीकडं बोटी होत्या, मासे होते, हिवाळ्यात येणारे लांब पायांचे पक्षी होते. रडायचं काम आईनं केलं, तेही ट्यूबमधे तोंड घालून, आणि लगेच आठवलं की रडायचंही नाहीये, म्हणून ते अर्ध्यावरच राहिलं.

मग फोन. संध्याकाळी दूध घालून आला की ऋषिराज व्हिडिओ लावायचा आणि फोन कॉटखाली धरायचा. राजेश्वरीला पडदाभर नुसता उजेड हलताना दिसे. बाकीचं काम ऋषिराजच्या तोंडाचं.

"आता आपल्या खेळाडूनं पिवळा फ्रॉक घातलाय. डाव्या हातात चकली. चकली तोंडाकडं निघाली... आणि नाही! चकली मांजराला! नानींचं लक्ष नाही!"

"बाबा, मी दिली नाही, तिनंच घेतली!"

"पंचांचा निर्णय मांजराच्या बाजूनं!"

राजेश्वरी हसायची, आणि हसता हसता कानांनी पोर चाचपायची. आवाज जवळ आला, म्हणजे तोंड फोनला लावलंय. नाक चोंदलंय, म्हणजे पाण्यात खेळलीय. एका संध्याकाळी तिच्या कानाला काहीतरी निराळं लागलं.

"आई, माझ्याकडं एक गंमत आहे."

"कसली गं?"

"थांगायची नाही. बघायची."

राजेश्वरीनं मान किंचित हलवली. "काय म्हणालीस?"

"थांगायची नाही! नानी म्हणाली, आई आली की बघंल. बाबा, कॅमेऱ्यात बघू नका!" आणि ऋषिराज म्हणाला, "अहो, खेळाडूनं तोंडावर हात धरलाय. सामना थांबवण्यात आलाय."

दात पडला होता. आईला कळायला डोळा कशाला हवा? स चा थ झाला होता, आणि मधून वाऱ्याची शिट्टी वाजत होती. पोरीचा पहिला दात, आणि तो तिच्या मागं पडला होता. गंमत बघायची आहे असं पोर म्हणतेय, तर बघायचीच. त्या रात्री ट्यूबवर कपाळ टेकून तिनं मनाशी सगळे दात एकेक करून आठवले. वरचे पुढचे दोन, जरा फट असलेले. खालचे बारीक, तांदळासारखे. कुठला असेल? तिला आता आणखी काही बघायचं नव्हतं. हसणारं एक तोंड आणि त्यातली एक खिडकी. तेवढं दिसलं की पुरे. ह्या ऑपरेशनाकडून तिचं मागणं एवढ्यावर आलं होतं.

दिवेलागणीला आत्याबाईंचं दुसरं औषध चालायचं. मुठीत मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या घेऊन त्या तिच्या पाठीवरून उतरवायच्या. पालथ्या माणसाची दृष्ट काढायची कशी, हा पेच त्यांना पहिल्या दिवशी पडला होता. मग त्यांनीच निकाल दिला, "दृष्टीला काय, ती पाठीकडनंबी लागती." आल्याची, गेल्याची, रस्त्यानं जाणारीची, असं पुटपुटत त्या मूठ फिरवायच्या आणि ती जाळायला गोठ्यापलीकडच्या चुलीकडं जायच्या. घरात धूर नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं.

"एवढ्या मिरच्या टाकल्या, पण ठसका म्हणून न्हाय!" त्या परत येऊन सांगायच्या. "किती दृष्ट असंल बग पोरीला!"

आणि गोठ्यातून ऋषिराजच्या शिंकांवर शिंका ऐकू यायच्या.

"ह्याला सर्दी झालीया," आत्याबाई म्हणायच्या.

फोनवर श्रेया रोज विचारायची, आजी काय करते? रोज उत्तर एकच असायचं, आईची दृष्ट काढतेय. "आजपण काढली?" "हो, आजपण." मग ती गप्प व्हायची. ती गप्प का होते, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पालथं पडणं संपलं तशी राजेश्वरी बसू लागली, हिंडू लागली. उजव्या डोळ्यात बुडबुडा अजून होता, पण तो आता आटत चालला होता. तिला तो पाण्याच्या रेघेसारखा दिसे. आडवी, डुगडुगणारी रेघ; रेघेच्या खाली सगळं धूसर, रेघेच्या वर मोकळं. ती धरणाच्या काठावर वाढली होती. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठाला ओली रेघ राहते, उद्या तिच्या खाली दुसरी, परवा तिसरी, आणि बुडालेली जमीन बाहेर येत जाते. शाळेतून येताना पोरी पैजा लावायच्या, उद्या कुठला दगड उघडा पडेल. आता तीच पैज ती स्वतःच्या डोळ्याशी लावत होती. आज पंखा दिसला. आज दाराचं तोरण. एका सकाळी ऋषिराज चहा घेऊन समोर उभा राहिला आणि रेघेच्या वर त्याच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसला.

"अहो, तुमचे केस मागं सरकलेत."

"एवढे हाल करून ते दिसलं होय पहिल्यांदा!" तो म्हणाला, पण चहा त्याच्या हातातच राहिला, आणि मग तो पाठ फिरवून उगाच खिडकी उघडायला गेला.

रेघ उतरत गेली. कपाळं दिसली, भुवया दिसल्या. चेहऱ्याची पाळी आली. राजेश्वरी वाट बघत राहिली. रेघ चेहऱ्याच्या खाली गेली, हनुवटीखाली, गळ्याखाली गेली, आणि चेहरा काही वर आला नाही. कडा स्वच्छ. कान, केस, खांदे, दाराची चौकट. पण जिथं रोखून बघावं तिथं मधोमध वाऱ्यानं पाणी थरथरावं तसं. नाक वाकडं, तोंड वितळलेलं, डोळे एकमेकांत मिसळलेले. नजर बाजूला वळवली की ते थरथरणं तिच्या आधी तिथं जाऊन बसे.

भाऊबीज झाली त्या आठवड्यात ते बारामतीला दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ डोळ्यात उजेड पाडून पाहिलं.

"पडदा छान बसलाय."

"मग मधलं?" राजेश्वरीनं विचारलं. दारात आत्याबाई बसल्या होत्या, म्हणून हळू विचारलं.

"ऑपरेशनच्या आधी मधला भाग काही दिवस सुटलेला राहिला होता. तिथल्या पेशींनी त्या दिवसांत किती सोसलं ते मला बाहेरून मोजता येत नाही. पुढचे काही महिने थोडं थोडं सुधारू शकतं. किती, हे मी आत्ता सांगितलं तर ते खोटं होईल."

"आणि गोळ्या?"

"त्यांचंही खरं सांगते. पडद्याच्या ऑपरेशननंतर त्या किती कामी येतात, ह्याचा पुरावा अजून अर्धाच आहे. तुला त्यांनी अपाय नाही, उरलंय ते जपायला मदत झाली तर हवी, म्हणून देते. गेलेलं आणायला नाही."

"उद्या माझी लेक येतेय," राजेश्वरी म्हणाली. म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनीही विचारलं नाही. त्यांनी तिचा हात फक्त थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

येताना स्टँडजवळच्या रसवंतीत ऋषिराजनं गाडी थांबवली. घुंगरांच्या ठेक्यावर चरक फिरत होता. "लिंबू जरा जास्तच पिळ रे," तो पोराला म्हणाला, आणि आईकडं बघून हसला, जणू घरातला विनोद पुढं करतोय. आत्याबाई हसल्या नाहीत. कडेला ठेवलेल्या कालच्या एका पेल्याकडं, तळाशी उरलेल्या काळपट रसाकडं, त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पी गं. ताजा हाय तवर पी."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं सकाळपासून तयारी केली. मोरपंखी साडी नेसली, कारण श्रेयाला ती आवडायची. उजेड बघितला. पश्चिमेकडच्या दारात दुपार कलल्यावर ऊन आत यायचं; तिथं समोर पोरगी उभी राहिली तर चेहऱ्यावर सरळ उजेड पडेल. तिनं पाट तिथंच मांडला. आधी मोरीजवळच्या बादलीवर सराव केला. बादलीचा काठ दिसला, कडी दिसली. मधे काय होतं ते सोडून दिलं.

गाडीचा आवाज आला. पावलं आली. मग पिवळा रंग दारात येऊन थांबला, एका जागी.

"श्रेया?"

"उं."

ती धावत आली नाही. नेहमी येऊन आदळायची, ती पोर दोन हातांवर थांबली. कुणीतरी शिकवलं होतं, आईला धक्का लावायचा नाही. राजेश्वरीनं हात पसरले तेव्हा ती पायरीवर पाय जपून ठेवत आली आणि मांडीवर बसली, पक्षी बसावा तशी, सगळं वजन न टाकता. तिच्या केसांना पळसदेवचा वास होता. पाण्याचा, माशांच्या जाळ्यांचा, आईच्या घरच्या चुलीचा. राजेश्वरीनं त्यात तोंड घातलं. किती दिवस ह्या वासासाठी ती फरशीशी बोलली होती.

"तोंडावर हात का गं?"

"गंमत आहे ना. थगळे बथले की मग."

ऊन खाली गेलं. चहा झाला, लाडू झाले, मांजराची हकिकत झाली, तरी हात तोंडावरून हलेना. दिवेलागण झाली आणि आत्याबाई मीठमोहऱ्या घेऊन आल्या. "आज दोघींची काढती. पोरगी पाण्याच्या काठी राहून आलीया, तिला तर केवढी लागली आसंल." त्यांनी मूठ राजेश्वरीच्या डोक्यावरून फिरवली.

"काढू नको!"

श्रेया एवढ्यानं ओरडली की गोठ्यात म्हैस उठली. तिनं आजीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. मोहऱ्या फरशीवर तडतडत सांडल्या.

"आगं, काय झालं?"

"रोज काढतेथ! रोज रोज! मी नव्हते म्हणून काढत होतीथ! म्हणून आईला दिथत नाही!"

"आगं बाई, ही काय बोलती?"

"नानी थगळ्यांना थांगत होती, माझ्या लेकीची दृष्टी गेली. तू काढलीथ म्हणून गेली! आता परत लाव! आईची दृष्ट परत लाव!"

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग ऋषिराजला एकदम हसू फुटलं. "आई, ऐकलंस? नात म्हणते, सुनेला दृष्ट लाव! आणि अरे वा, खेळाडूच्या तोंडात खिडकी! म्हणजे ही गंमत तर..."

"बाबा! थांगू नका!" श्रेयानं पुन्हा तोंड झाकलं. रडत, हुंदक्यांच्या मधून. "आईनंच बघायचंय. कुणीच थांगायचं नाही."

ऋषिराजचं हसू जागच्या जागी मिटलं. त्यानं राजेश्वरीकडं पाहिलं, मग खाली बसून मोहऱ्या गोळा करायला लागला, एकेक.

आत्याबाई उभ्याच होत्या. उरलेली मूठ कुठं ठेवावी हे न कळून त्यांनी ती पदरात टाकली. मग गुडघे धरत खाली बसल्या, नातीपुढं.

"आगं सोने, ती दृष्ट येगळी. वाईट माणसाची नजर आसती, ती लागती, ती काढायची आसती. आन् बघायची, ती दृष्टी. ती म्यां न्हाय काढली. म्यां कशी काढीन गं?"

"मग कुणी काढली?"

आत्याबाई आता नातीशी नव्हे, सुनेशी बोलल्या, पण तिच्याकडं न बघता.

"काळा पडलेला रस पांढरा होत न्हाय, ते मला ठावं हाय पोरी. त्या बाईनं मला नसंल सांगितलं. आमचं आयुष्य उसात गेलं. पर तू त्वांड मिटून ऱ्हायलीस, म्हनलं हिला वाटतंय आपल्याला कळलं न्हाय, तर न्हाय कळलं. लिंबू लिंबू करत ऱ्हायलो."

राजेश्वरीचा हात अंधारात चाचपडत गेला आणि त्यांच्या हातावर पडला. खडबडीत, मिठानं खरखरीत झालेला हात. म्हणजे इतके दिवस दोघींनी एकच वाक्य एकमेकींपासून लपवलं होतं, आणि रोज दुपारी त्या पन्नीचा चट्ट आवाज दोघींनी वेगवेगळा ऐकला होता.

"ऋषी, दिवा लाव," आत्याबाई उठत म्हणाल्या. "मोठा लाव. आन् मी लिंबू आणती हिचं. आज दुपारी राहिलंच की, पोरीच्या नादात. जे हाय ते तर राखायचं."

ऋषिराजनं माजघरातला दिवा लावला, मग ओसरीवरचा, मग देवघरातली दिवाळीची माळसुद्धा लावली. आतून पन्नी फुटल्याचा आवाज आला. राजेश्वरीनं दुधाबरोबर गोळी घेतली. श्रेया ते निरखून बघत होती. पेला खाली ठेवेपर्यंत थांबली, मग आईच्या ओठांवरची साय तिनं आपल्या फ्रॉकनं पुसली.

"आता दिथेल?"

"बघू या."

"मग आता गंमत." ती मांडीवरून उतरून समोर उभी राहिली, दिव्याकडं तोंड करून. कुणी न सांगता तिनं उजेड बरोबर शोधला होता. "पण बोट लावायचं नाही. डोळ्यानं बघायचं."

"बोट नाही लावत."

श्रेयानं हात बाजूला घेतला आणि तोंड उघडलं, मोठं, आ करून. राजेश्वरी पुढं वाकली. एक वेणी दिसली, तिची रिबीन सुटत आलेली. दुसरी वेणी दिसली. कानातली बारीक रिंग, तिच्यावर दिव्याचा ठिपका. गळ्यावर डास चावल्याचा लाल डाग. सगळं होतं. ती आणखी पुढं वाकली, पोरीचा श्वास तिच्या गालाला लागला, लाडवाच्या वासाचा, गरम. नजर डावीकडून आणून पाहिली, उजवीकडून आणून पाहिली, वरून हळूच उतरवून पाहिली. मधे पाणी थरथरत होतं.

दारात ऋषिराज श्वास धरून उभा होता. आत्याबाईंनी पेला हातातच धरला होता, विसळायला नेला नव्हता.

"दिथला?"

राजेश्वरी बघत राहिली.

"थांग ना आई," श्रेया तोंड न मिटता, वाट बघत म्हणाली, "माझा कुठला दात पडलाय?"